जीएम-सीएसएफ रोखण्याची मर्यादा

जीएम-सीएसएफ हा पांढऱ्या पेशी वाढवणारा शरीरातील वाढ-घटक रोखला की आमवाताचा (ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिसचा) दाह मुळातच थांबेल, अशी आशा व्यक्त केली जाते. तिला थोडी जोड देणे मला आवश्यक वाटते. हा घटक अस्थिमज्जेतील पेशी वाढवतोच, पण सांध्याच्या अस्तरात जमलेल्या मॅक्रोफेज (जंतू व कचरा गिळणाऱ्या) पेशींना चेतवून त्यांच्याकडून टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ यांसारखी दाहक द्रव्येही स्रवून घेतो. पांढऱ्या पेशी वाढवण्यासाठी तो टोचल्यावर काही रुग्णांचा आमवात उफाळल्याच्या नोंदीही आहेत. म्हणजे लक्ष्य चुकीचे नव्हते.

तरीही ओटिलिमॅब हे जीएम-सीएसएफ रोखणारे प्रतिपिंड-औषध तिसऱ्या टप्प्यातील दोन चाचण्यांत १२ आठवड्यांनी प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नकली मात्रेपेक्षा) सरस ठरूनही टोफॅसिटिनिब या आमवातावरील आधीच्या औषधापुढे उणे पडले, आणि २०२२ मध्ये ते बनवणाऱ्या कंपनीने मान्यतेसाठी अर्ज न करण्याचे ठरवले. दाहाच्या वाटा अनेक असल्याने एकच वाट अडवणे बहुतेकांना पुरत नसावे. ज्यांच्यात हाच घटक वरचढ आहे असे रुग्ण आधी ओळखता आले, तर चित्र वेगळे दिसेल, असे मला मनापासून वाटते.

हा घटक रोखताना फुफ्फुसांचा मुद्दा मात्र विसरू नये. वायुकोशांतील जादा सर्फॅक्टंटचा (वायुकोश उघडे ठेवणाऱ्या स्निग्ध द्रव्याचा) निचरा करणाऱ्या मॅक्रोफेजना हाच घटक लागतो, आणि त्याविरुद्ध शरीरातच प्रतिपिंडे तयार झालेल्या रुग्णांत ते द्रव्य साचून श्वसनाला अडथळा येतो.