कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटनांच्या सन्मानार्थ चौक : नऊ स्तंभांची मांडणी कशी असावी?

प्रश्न
नमस्कार. मी सोलापुरात वास्तुकलेच्या चौथ्या वर्षाला आहे. अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या आवारात कृष्णवर्णीयांच्या नऊ ऐतिहासिक फ्रॅटर्निटी (विद्यार्थ्यांच्या) आणि सोरॉरिटी (विद्यार्थिनींच्या) संघटनांच्या सन्मानार्थ चौक, असा अभ्यासप्रकल्प मी घेतला आहे. कॉर्नेल विद्यापीठात १९०६ साली स्थापन झालेल्या अल्फा फाय अल्फापासून मॉर्गन स्टेटमधील १९६३ सालच्या आयोटा फाय थीटापर्यंत नऊ स्तंभ वर्तुळात आणि मध्ये कारंजे, अशी मांडणी केली आहे. स्तंभांची उंची स्थापनेच्या क्रमाने उतरती ठेवावी का? आणि नुसत्या रंगावरून संघटना ओळखू येतील का?

उत्तर १
उंची सारखीच ठेवावी. स्थापनेचे वर्ष जोत्यावर कोरता येते. तेच उंचीतून दाखवले, तर पाहणाऱ्याला तो मानाचा फरक वाटेल. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत सातही नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, ठरलेल्या क्रमाने निघतात, पण म्हणून मागच्या नंदीध्वजाला कोणी कमी लेखत नाही.
रंग पुरणार नाहीत. कप्पा अल्फा साय आणि डेल्टा सिग्मा थीटा या दोन्ही संघटनांचे रंग किरमिजी व क्रीम आहेत, तर फाय बीटा सिग्मा आणि झीटा फाय बीटा या दोन्हींचे गडद निळा व पांढरा. त्यामुळे संघटनांच्या नावांतील ग्रीक अक्षरे ठळक कोरावीच लागतील.

उत्तर २
माझा आग्रह कारंजे काढण्याचा आहे. या संघटनांची 'स्टेपिंग' ही परंपरा, म्हणजे टाळ्या, पावलांचे ठोके आणि घोषणा यांच्या तालावरचे समूहसादरीकरण, मोकळ्या सपाट जमिनीवरच रंगते, आणि नेमकी तीच जागा तुम्ही पाण्याला दिली आहे. शिवाय अनेक विद्यापीठांत या संघटनांना स्वतःची घरे नव्हती. एखादे झाड, बाक किंवा रंगवलेले दगड असलेला आवारातील तुकडा हीच त्यांची भेटण्याची जागा असे, आणि त्याला ते 'प्लॉट' म्हणतात. म्हणून स्तंभापेक्षा प्रत्येक संघटनेचा बाक आणि त्यावरची सावली मला महत्त्वाची वाटते. उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारी उघड्या दगडावर बसवत नाही, हे सोलापूरकराला वेगळे सांगायला नको.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. कारंजे काढले आहे. मध्यभागी न घसरणारी खडबडीत दगडी फरशी, भोवती नऊ सारखे बाक आणि प्रत्येक बाकामागे एक झाड, असा नवा आराखडा केला आहे. नऊपैकी पाच संघटना हॉवर्ड विद्यापीठात जन्मल्या आणि त्यांची समाईक परिषदही १९३० साली तिथेच स्थापन झाली, म्हणून प्रवेशाच्या फरशीवर हॉवर्डचा उल्लेख असावा असे वाटते.

उत्तर १
तो अवश्य ठेवावा, पण कॉर्नेल, इंडियाना, बटलर आणि मॉर्गन स्टेट यांची नावेही त्याच आकाराच्या अक्षरांत द्यावीत. बोधचिन्हे मात्र त्या त्या संघटनेला विचारल्याशिवाय कोरू नयेत.