कोकणातल्या फ्लॅटला एसी लागतोच का?

जांभ्याचा_चिरा: रत्नागिरीत आम्ही चौथ्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर राहतो. एप्रिलात रात्री अकराला स्टुलावर चढून छताला हात लावून बघितला. पोळ्या आटपल्यावर तवा असतो तसं कोमट! पंखा तीच हवा खाली ढकलत होता. गावच्या घरी मंगळुरी कौलं, माळा, पुढे पडवी. तिथे आई भर दुपारी पडवीत निवांत झोपते. इथे पश्चिमेला बेडरूम, मोठ्ठी काच आणि वर वीतभर छज्जा नाही. आधी भट्टी बांधायची, मग एसी लावायचा. नव्या इमारतींना छज्जे, समोरासमोर खिडक्या आणि पांढरी गच्ची सक्तीची करा.

साइटवरचा: गावचं घर आठवणीत नेहमी गारच असतं हो. मे महिन्यात कौलं परतायला माणूस मिळतो का ते सांगा. मी बांधकामातच आहे. गिऱ्हाईक कार्पेट एरिया विचारतं, छज्जा नाही. आणि कोकणातला उकाडा घामाचा. छज्ज्यानं ऊन अडेल, दमटपणा नाही. नियमाचं म्हणाल तर घरांच्या ऊर्जाबचतीसाठी केंद्राची 2018 ची इको निवास संहिता आहे की! भिंती-खिडक्यांतून शिरणारी उष्णता चौरस मीटरला 15 वॅटच्या आत हवी. माझ्या एकाही नकाशाला तो आकडा कुणी विचारलेला नाही.

जांभ्याचा_चिरा: कुणी विचारत नाही म्हणून तुम्हीही बघायचं नाही?

वळचण: तुम्ही दोघं उकाड्यातच अडकलात, बांधायच्या सामानाचं कोण बघणार? सिमेंटसाठी चुनखडी भाजताना त्या दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. भट्टी उद्या सौर विजेवर चालवली तरी तेवढा सुटणारच. जांभ्याचा चिरा भाजावा लागत नाही, खाणीतून कापला की हवेवर कडक होतो.

साइटवरचा: आणि चिरेखाणीनं खरवडलेला सडा, म्हणजे कातळाचं पठार? तो परत उगवतो? चार मजल्यांना आरसीसीचा सांगाडा लागतोच. त्यात चिरा भरलात तर हलक्या, सच्छिद्र एएसी ब्लॉकपेक्षा वजन वाढतं, म्हणजे सळई आणि काँक्रीटही वाढलं. हिशेब पुरा मांडा.

वळचण: वजनाचं मान्य. एक-दोन मजल्यांच्या घरांना तरी चिराच बरा, खाणी मोजून-मापून चालवल्या तर.

गच्चीवाली_काकू: आमच्या सोसायटीनं गळतीसाठी गच्चीवर पत्र्याची शेड घातली. ऊर्जाबचत वगैरे कुणाच्या डोक्यात नव्हतं, पण स्लॅबवर सावली पडली आणि वरच्या मजल्यावरचे लोक सुखानं झोपायला लागले. बाजू उघड्या होत्या तोवरच हं! कुणीतरी कपडे वाळवायला म्हणून तिन्ही बाजूंनी पत्रे मारले आणि पुन्हा उकडायला लागलं. आता पीएम सूर्यघर योजनेतून शेडवर सोलर बसवायचं चाललंय. सोसायटीच्या लिफ्ट-पंपासाठी किलोवॅटला 18,000 रुपये अनुदान आहे. पण 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात श्रीवर्धनला माझ्या माहेरचे पत्रे पत्त्यांसारखे उडाले. म्हणून काल वर जाऊन शेडचे पत्रे धरून ठेवणारे एका ओळीतले हूक मोजले. सोळांपैकी अकरा गंजलेत. त्यांच्यावर पॅनेल चढवायचं म्हणताय?