डेंटलसोबत दुसरी पदवी: क्लिनिकल वर्षांत जमतं का?

मदत हवी आहे. डेंटलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, क्लिनिकल पोस्टिंग सुरू झाल्यात. सोबत संख्याशास्त्राची दूरस्थ पदवी करायची आहे, कारण पुढे दंत सार्वजनिक आरोग्यात संशोधन करायचंय. दोन्हीकडचे नियम वाचलेत, परवानगीची अडचण नाही. खरी गोची कोट्याची, म्हणजे पेशंटवरची ठरावीक कामं स्वतः पूर्ण करून दाखवण्याची: एका पूर्ण कवळीला पहिलं माप, दुसरं माप, जबड्यांचा मेळ, मेणातली ट्रायल, मग बसवणं, आणि पेशंट मधेच यायचा थांबला की सगळं पहिल्यापासून. सीनियर्सना विचारलं, तर ‘आधी हे तरी संपव’ एवढंच ऐकायला मिळालं! डेंटलचं वर्ष लांबवणं शक्य नाही. ज्यांनी असं केलंय त्यांनी सांगा: दुसऱ्या पदवीचे विषय आत्ता कमी घेऊन इंटर्नशिपमध्ये वाढवले, की उलट? आणि दोन्ही परीक्षा एकाच आठवड्यात आल्या तेव्हा कुठली पुढे ढकलता आली?