शब्दचर्चा : 'डोयावर जायं आलं' म्हणजे नेमकं काय?

चष्म्याचा मास्तर

मी ऑप्टोमेट्रीच्या, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढायला शिकणाऱ्या, विद्यार्थ्यांना डोळ्यांचे नेहमीचे आजार शिकवतो. चार वर्षांचा अभ्यासक्रम, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. त्या वर्षातले बरेच दिवस आम्ही वर्धा-यवतमाळकडच्या गावांमध्ये तपासणी शिबिरं करत फिरतो. वर्गात पोरं मोतीबिंदू, काचबिंदू घडाघडा बोलतात. शिबिरात पहिल्याच पेशंटपाशी गाडी अडते, कारण पेशंट आजाराचं नाव सांगत नाही, त्याला काय होतंय ते सांगतो, आणि तेही वऱ्हाडीत.

परवाचीच गोष्ट. एक आजोबा म्हणाले, "डोयावर जायं आलं जी." माझी साताऱ्याची विद्यार्थिनी, हुशार पोरगी, तिने केसपेपरवर तक्रारीच्या रकान्यात लिहिलं : पेशंटला घाई आहे, जायचं आहे. मी हसलो, पण मग मलाच प्रश्न पडला. 'जायं' म्हणजे जाळं, ळ चा य झालाय, इथवर ठीक. पण डोळ्यावरचं जाळं म्हणजे कोणता आजार? त्या दिवशी आजोबांना मोतीबिंदू निघाला. पुढच्या बाईंनाही 'जायं'च होतं, त्यांच्या डोळ्यात नाकाकडून मांस वाढलेलं. तुमच्याकडे हा शब्द कशासाठी वापरतात?

अकोलेकरीण

आमच्याकडे दोन्हीसाठी. अंधुक दिसायला लागलं की जायं आलं. डोळ्यात वरून काही चढताना दिसलं तरी जायंच. कोळ्याचं जाळं कोपऱ्यात धरतं तसं काहीतरी नजरेच्या आड आलंय, एवढाच त्याचा अर्थ. आमची आजी 'साय आली' असंही म्हणायची. तुमच्या पोरांना सांगा, शब्दाचा अर्थ विचारत बसू नका, 'जायं कुठं हाय, बोट लावून दाखवा' म्हणा. मांस वाढलेलं असेल तर बाई आरशात पाहून आलेली असते, बरोबर कोपऱ्यात बोट ठेवते. मोतीबिंदूवाला माणूस सगळ्या डोळ्यापुढून हात फिरवतो.

चष्म्याचा मास्तर

हे फारच कामाचं. हात फिरवणारे आजोबा मला आत्ता डोळ्यापुढे दिसले. वाढलेल्या मांसाला संस्कृत वैद्यकात 'अर्म' म्हणतात, हिंदीत नाखूना. आमच्या पुस्तकातला टेरिजियम ग्रीकमधला, 'छोटा पंख'. कोणाला नख दिसलं, कोणाला पंख, आपल्याला जाळं. बाकी उन्हात-धुळीत आयुष्य काढलेल्या माणसांत तो जास्त दिसतो, त्यामुळे आमच्या शिबिरात रोजचाच.

आता 'फूल' आणि 'मोती' यांत लोक फरक करतात का?

धानपट्टी

करतात, अगदी नेमका करतात. मी भंडाऱ्याकडचा. फूल बुबुळावर पडतं, मोती आत येतो. तुमच्या भाषेत, फूल म्हणजे पारपटलावरचा, बुबुळापुढच्या पारदर्शक पडद्यावरचा, पांढरा डाग. आमच्याकडे जुन्या माणसांच्या डोळ्यातली फुलं देवीच्या आजारातली असायची. देश 1977 साली देवीमुक्त जाहीर झाला, त्यामुळे तसं फूल आता म्हाताऱ्यांतच सापडेल. आजची फुलं धानाच्या कुसाची, दाण्याच्या टोकदार केसाची. मळणीच्या दिवसात कूस डोळ्यात जातं, शेजारची बाई पदराच्या टोकाने काढून देते, दोन दिवसांनी डोळा लाल होतो. मग माणूस मेडिकलमधून 'लाल डोळ्याचे थेंब' आणतो.

चष्म्याचा मास्तर

आणि त्या थेंबात अनेकदा स्टेरॉइड असतं. पालापाचोळा, कूस, काडी लागलेल्या डोळ्यात बुरशीचा संसर्ग होतो, स्टेरॉइडने बुरशीला रान मोकळं मिळतं. दुखणं थोडं कमी झाल्यासारखं वाटतं आणि आत जखम खोल जाते. मी वर्गात यावर अख्खा तास घेतो. तरी 'कूस' हा शब्द इतकी वर्षं माझ्या प्रश्नावलीत नव्हता. मी विचारायचो, 'डोळ्याला काही इजा झाली का?' शेतकरी म्हणायचा, नाही. कूस जाणं ही त्याच्या हिशेबी इजा नाहीच, ते रोजचं आहे.

जुना नेत्र-कर्मचारी

मास्तर, इजेवरून आठवलं. तुमच्या पोट्ट्यांना 'औषध' हा शब्द शिकवलात का? मी सरकारी नोकरीत बत्तीस वर्षं काढली. नवीन होतो तेव्हा एक माणूस आला, "साहेब, डोयात औषध गेलं." मी विचारलं, कोणत्या डॉक्टरने दिलं? तो माझ्याकडे बघतच राहिला. फवारा मारताना वारं फिरलं होतं. आपल्याकडे औषध म्हणजे कपाशीवर मारायचं औषध. कोणी 'औषध घेतलं' म्हणाला तर काळजाचं पाणी होतं, ते आपण सगळे जाणतो. डोळ्यात औषध गेलं म्हटलं की प्रश्न नंतर, आधी नळाखाली डोळा धरा, भरपूर धुवा, मग डब्याचं नाव विचारा. मी त्या दिवशी प्रश्न विचारण्यात दोन-तीन मिनिटं घालवली. अजून लागून राहिलंय.

अकोलेकरीण

खरंय. आमच्या घरात दोन फळ्या होत्या, एक 'गोळ्यांची', एक 'औषधाची'. औषधाच्या फळीला पोरांनी हात लावायचा नाही.

शब्दवेडा

इथे सगळे मोतीबिंदूवर बोलतात, काचबिंदूचं काय? माझा अंदाज असा की हा शब्द 'काचणे'वरून आला. कंबरेला नाडा काचतो, बांगडी काचते. डोळ्याच्या आतला दाब वाढतो, डोळा आतून काचतो, म्हणून काच-बिंदू. अर्थ चपखल बसतो.

पोथीवाला

बसतो चपखल, पण तिथे जायचं कारणच नाही. 'काच' हा शब्द संस्कृत वैद्यकात दृष्टीच्या रोगाचं नाव म्हणूनच आहे. आयुर्वेदाच्या वाग्भटाच्या क्रमात आधी तिमिर, ते वाढलं की काच, पुढे लिंगनाश, म्हणजे नजर गेली. म्हणजे जुना 'काच' ही नजर जाण्याच्या वाटेवरची एक पायरी, आजचा काचबिंदू, म्हणजे ग्लॉकोमा, नव्हे. ग्लॉकोमाच्या तीव्र झटक्याशी जुळणारा रोग पोथ्यांत वेगळाच आहे, अधिमंथ. डोळा आणि अर्धं डोकं रवीने घुसळल्यासारखं दुखतं, म्हणून मंथ. नाव एका आजाराचं, चिकटलं दुसऱ्याला.

चष्म्याचा मास्तर

पोथीवाल्यांचं पटलं. शिवाय शब्दवेड्यांची व्युत्पत्ती मी वर्गात चुकूनही सांगणार नाही, कारण ती पोरांच्या डोक्यात बसेल आणि ती डोळा 'काचण्याची' वाट बघत बसतील. काचबिंदूचा जो प्रकार आपल्याला सर्वांत जास्त फसवतो तो अजिबात दुखत नाही. बाजूची नजर आधी जाते, समोरचं शेवटपर्यंत दिसतं, गेलेली नजर परत येत नाही. दाब 10 ते 21 मिलिमीटर पाऱ्याच्या आत असला म्हणजे सुटलो, असंही नाही. हिंदीच्या शेजाराने आपल्याकडे त्याला 'काया मोती' म्हणतात, काला मोतियावरून. त्याचा तोटा असा की मोती म्हटल्यावर माणूस म्हणतो, "पिकला का मंग काढू." पिकण्याची वाट बघायची गरज आता मोतीबिंदूतसुद्धा नाही. 'काया मोती' पिकायची वाट बघणाऱ्याचं काय होतं ते सांगायला नको.

पण अधिमंथाचं नाव निघालंच आहे तर एक प्रसंग लिहितो. हिवाळ्यातलं शिबिर, शाळेच्या व्हरांड्यात. साठीच्या एक बाई, चष्म्याचा नंबर काढायला आलेल्या. माझा विद्यार्थी बाहुली मोठी करायचे थेंब हातात घेऊन उभा. बाई सहज म्हणाल्या, "संध्याकाई दिव्याले खयं पडते बाप्पा, चांदाले पडते तसं. मंग डोकं धरते." विद्यार्थ्याने ऐकलं आणि झाकण उघडलं. मी ओरडलोच. खयं म्हणजे खळं. चंद्राभोवती जे कडं दिसतं, ज्यावरून म्हातारी माणसं पावसाचा अंदाज बांधतात, तेच. दिव्याभोवती रंगीत कडं आणि सोबत डोकेदुखी म्हणजे डोळ्यातल्या पाण्याचा निचरा होतो तो कोन अरुंद असल्याचा संशय. अशा डोळ्यात ते थेंब टाकले की कोन बंद होऊन झटका येऊ शकतो. आम्ही बाजूने टॉर्च धरला. बुबुळाची एक बाजू उजळली, दुसऱ्या बाजूला सावली. थेंब बाटलीत राहिले, बाई त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात गेल्या.

विद्यार्थी मला म्हणाला, 'सर, मला वाटलं खळ्याचं काहीतरी सांगतायत, मळणीच्या.' तो नागपूर शहरातला, वऱ्हाडी कळणारा. त्याला खयं माहीत होतं, फक्त चंद्राचं नव्हतं.

शब्दवेडा

म्हणजे माझी व्युत्पत्ती खोटी, पण डोकं धरणारं दुखणं खरं! मान्य, काचणे मागे घेतो. एक वेगळी शंका. माझ्या भाचीच्या दहावीच्या पुस्तकात 'निकटदृष्टिता' आहे आणि चष्म्याच्या दुकानात तिला 'लांबचा नंबर' सांगितला. हे उलटं कसं?

चष्म्याचा मास्तर

दोन्ही एकच. पुस्तक काय दिसतं त्यावरून नाव ठेवतं, जवळचं दिसतं म्हणून निकटदृष्टिता. दुकान आणि पेशंट काय दिसत नाही त्यावरून ठेवतात, लांबचं दिसत नाही म्हणून लांबचा नंबर. परीक्षेत माझी निम्मी पोरं इथेच उलटतात. आणि 'दूरदृष्टिता' हा तर घोटाळ्याचा मुकुटमणी. एका सरपंचांना विद्यार्थ्याने सांगितलं, तुम्हाला दूरदृष्टिता आहे. ते खूश झाले, सोबतच्यांनाही ऐकवायला लागले. वयामुळे जवळचं दिसेनासं होतं ते याहून वेगळं, त्याला मी तर सरळ चाळिशी म्हणा म्हणतो. आजाराचं नावही तेच, चष्म्याचंही तेच, आणि ते लागण्याचं वयही त्यातच. असा शब्द कोणत्या भाषेत सापडतो सांगा.

जुना नेत्र-कर्मचारी

खुपऱ्या राहिल्या. आमच्या तरुणपणी अर्धी ओपीडी खुपऱ्यांची असायची. पापणी उलटी केली की आत बारीक दाणे. बाया-बापे 'खरडून द्या' म्हणायचे. आता कोणी तो शब्द काढतं का?

चष्म्याचा मास्तर

काढतात, पण अर्थ बदललाय. खाजणाऱ्या, ॲलर्जीच्या डोळ्याच्या पोराची आजी म्हणते, खुपऱ्या झाल्या. खऱ्या खुपऱ्या, म्हणजे ट्रॅकोमा, माझ्या विद्यार्थ्यांनी फोटोतच पाहिलाय. 1963 पासून त्याचा राष्ट्रीय कार्यक्रम होता, आणि 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताने तो सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपवल्याचं मान्य केलं. आजार गेला, शब्द रिकामा झाला, ॲलर्जीने येऊन ठाण मांडलं. केसपेपरवर आजीचा शब्द लिहा, निदान वेगळं लिहा, असं मी सांगतो.

आता शेवटची अडचण, मदत करा. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी आमच्याकडे तीन काड्यांचा उलटासुलटा 'ई' असलेला तक्ता असतो. 'ई चं तोंड कुठे?' विचारलं की लोक आमच्याच तोंडाकडे बघतात. त्या आकृतीला काय म्हणावं?

धानपट्टी

फणी म्हणा. बायांना लगेच कळेल.

अकोलेकरीण

फणीला दोन्हीकडे दात असतात हो, उवांच्या फणीला. घोटाळा होईल. दाताळं म्हणा. वावरात सगळ्यांनी धरलेलं असतं. 'दातायाचे दात कोन्या बाजूनं?' एवढंच विचारा, आजोबा हाताने दाखवतील.

चष्म्याचा मास्तर

गुरुवारी कळंबकडे शिबिर आहे. दाताळं घेऊन जातो.