मदत हवी आहे: बेघर वृद्धांवर संशोधन करणाऱ्या मुलांना गाइड कसं करावं?

नमस्कार मंडळी. मी नाशिकला एका मेडिकल कॉलेजात कम्युनिटी मेडिसिन शिकवते. सध्या माझ्याकडे तिघं आहेत, दोन एमडीचे रेसिडेंट आणि एक एमएसडब्ल्यू झालेली मुलगी, आणि तिघंही गंगेवर म्हणजे गोदावरीच्या घाटावर, सीबीएस बसस्थानकाला, नाशिकरोड स्टेशनबाहेर राहणाऱ्या वयस्कर लोकांच्या तब्येतीचा अभ्यास करतायत. विषय त्यांनी आपणहून निवडला याचा मला फार आनंद आहे, कारण आपल्याकडे म्हातारपणावरचं सगळ्यात मोठं सर्वेक्षण, लासी, ७२ हजारांच्या वर लोक, ते घरोघरी जाऊन झालं, मग ज्याला घरच नाही तो त्यात येणार कुठून?

पहिली अडचण वयाची. सरकारी हिशोबात ज्येष्ठ म्हणजे ६०. पण अमेरिकेत ओकलंडला मार्गो कुशेल यांच्या टीमने २०१३ पासून ५० च्या पुढच्या ३५० बेघर लोकांचा जो अभ्यास केला त्यात पडणं, लघवीवर ताबा नसणं, विसरायला होणं हे सगळं घरात राहणाऱ्या, त्यांच्याहून वीसेक वर्षांनी मोठ्या माणसांइतकं किंवा त्याहून जास्त दिसलं. आणि त्यातले जवळजवळ निम्मे पन्नाशीनंतर पहिल्यांदा बेघर झालेले. म्हणून मी मुलांना ५० धरायला सांगितलंय, पण सिनॉप्सिस, म्हणजे थीसिसचा आराखडा, बघणारे विचारतात ६० का नाही. शिवाय इथे निम्म्या लोकांकडे कागदच नाही, वय विचारलं तर "असेल साठ-सत्तर".

दुसरं म्हणजे प्रश्नावल्या. रोजच्या कामांची जी यादी असते त्यात स्वयंपाक, घरकाम, औषधं वेळेवर घेणं असं असतं, घाटावरच्या मावशींना हे काय विचारणार? तिथे खरं काम म्हणजे वाटपाच्या रांगेत तासभर उभं राहता येतं का, पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाता येतं का, रात्री संडासला कुठे जाता, सामान कोण सांभाळतं. आमच्या मुलीला कळलं की कितीतरी बायका दिवसभर पाणीच कमी पितात, कारण शौचालयाला प्रत्येक वेळी पैसे पडतात. हे कुठल्याच छापील स्केलमध्ये नाहीये. स्मरणशक्तीच्या चाचणीत आपण कितव्या मजल्यावर आहोत असा प्रश्न असतो, तो तर उघड्यावर झोपणाऱ्या माणसाला विचारवतही नाही. हरियाणात बल्लभगढला न शिकलेल्यांसाठी बनवलेली हिंदी चाचणी आहे, ती मराठीत नीट बसवून कुणी वापरलीय का?

पण मला सगळ्यात जास्त मदत हवीय ती मुलांसाठी. एक रेसिडेंट विचारतो, मॅडम, बाबांच्या पायाची जखम चिघळलीय, फॉर्म पुरा करू की सिव्हिलला नेऊ? फॉर्म बाजूला ठेव आणि ने, यात दुमत नाही. पण मग दुसऱ्या दिवशी शेजारचे चौघं म्हणतात आमचाही फॉर्म भरा डॉक्टर, आणि ती संमती खरी किती आणि दवाखान्याच्या आशेने दिलेली किती, हे त्या पोराने कसं ठरवायचं? आणि थीसिस जमा झाला की मुलं जाणार, आजी तिथेच. "परत कधी येशील गं" याला काय उत्तर द्यायचं ते मी त्यांना शिकवू शकलेली नाही. तिकडे अमेरिकेत के-२४ नावाचं सरकारी अनुदान असतं, अनुभवी संशोधकाला नव्यांना घडवायला वेळ मोकळा मिळावा म्हणून. इथे मी ओपीडी आणि लेक्चर सांभाळून संध्याकाळी त्यांच्याबरोबर घाटावर जाते. कुणी असं काम केलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

ताई, मी बेघर लोकांसोबत बरीच वर्षं काम करतोय, नाशिकरोडला. वयासाठी घटनांचं कॅलेंडर करा. कोयनेचा भूकंप झाला (१९६७) तेव्हा केवढे होतात, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेला होतात का, लग्न त्याआधी की नंतर. नाशिकचेच असतील तर १९६९ चा महापूर विचारा. माणूस बाहेरगावचा असेल तर त्याच्या गावाकडच्या घटना घ्या, विदर्भातल्या बाबांना गंगेचा पूर काय माहीत.

संमतीचं म्हणाल तर अंगठा घेताना त्रयस्थ साक्षीदार लागतो, पण तो जेवण वाटणारा किंवा निवारा केंद्रातला माणूस नको, त्याच्यासमोर कोण नाही म्हणेल? आणि माहिती सांगून झाली की त्यांनाच विचारा, मी काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगा, मधेच थांबायचं असेल तर काय कराल. फोटो अजिबात नको. भीक प्रतिबंधक कायद्यात उचलून नेतील ही भीती खरी आहे, आणि २०२७ चा सिंहस्थ जवळ आलाय त्यामुळे आत्ता तर कुणी वही घेऊन आलं की लोक जागाच बदलतात.

प्रतिसाद २

मी स्वतः अशाच विषयावर पीएचडी केलीय, विद्यार्थ्याच्या बाजूने सांगते. उपचार आणि मुलाखत वेगळे करा. आधी ठरलेल्या वारी तपासणी, सगळ्यांसाठी, फॉर्म भरा किंवा नका भरू. मुलाखत दुसऱ्या दिवशी, शक्यतो दुसऱ्या माणसाने घ्यायची. कुणाला कुठे पाठवायचं हे प्रोटोकॉलमध्येच लिहा म्हणजे एथिक्स कमिटीही अडवत नाही. श्रावणबाळ, संजय गांधी निराधारचे अर्ज करायला मुलं उत्साहाने धावतात पण रहिवासी दाखल्यापाशी गाडी अडते, तेव्हा "करून देते" असा शब्द त्यांनी देऊ नये, "विचारून सांगते" एवढंच, आणि खरंच विचारून सांगावं.

मला माझ्या गाइडने दर आठवड्याला बसवून फक्त "कुणाला भेटलीस" एवढं विचारलं, डेटाचं काही नाही. त्यावरच मी तगले.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. तपासणी आणि मुलाखत वेगळी करायचं उद्याच मुलांशी बोलते. एक विचार आला, बघा पटतो का: भेटलेल्या लोकांची यादी एकाच मुलाची न ठेवता विभागाची ठेवायची, जुनी बॅच जायच्या आधी नव्या मुलांना प्रत्येकाशी ओळख करून द्यायची, म्हणजे आजींना कुणीतरी येत राहील आणि अभ्यासही वर्षानुवर्षं चालेल. अडचण पावसाळ्याची आहे. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपर्यंत पाणी चढतं, लोक पांगतात, परत आल्यावर सगळेच सापडतात असं नाही. फोन बहुतेकांकडे नाहीत. दादा, तुम्ही माणसं कशी शोधता? चहावाले, पुलाखालचे हमाल, मंदिराबाहेरच्या फुलवाल्या बायका, कुणाला विचारता, आणि विचारताना त्या माणसाची माहिती फुटणार नाही हे कसं सांभाळता?