मदत हवी आहे: चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीची ओल आणि परसातली कलमं

नमस्कार मंडळी, राजापूरकडे आमचं जुनं कौलारू घर आहे, आम्ही सगळे मुंबईत, म्हणून दर सीझनला जमेल तसं थोडंथोडं काम काढतो. गेल्या उन्हाळ्यात वासे-रिपा बदलून कौलं परतून घेतली, छप्पर आता ओके आहे. प्रॉब्लेम पश्चिमेच्या भिंतीचा, पावसाची झड थेट तिच्यावर येते आणि गणपतीला जावं तर आतून ओल न् बुरशीचा वास. आजोबा पावसाआधी झावळ्या बांधायचे, आता कोण बांधणार! गवंडी म्हणतो सिमेंट प्लास्टर मारून टाका, काका म्हणतात चिरा पाणी पितो तसा सुकतोही, सिमेंटने ओल आतच अडकेल, चुन्याचा गिलावा करा नाहीतर पडवी वाढवा. मला काकांचं पटतंय पण चुन्याचं काम करणारा माणूस मिळतो कुठे? कोणी केलंय का, खर्च किती आला?

दुसरं म्हणजे परसात १ मीटरचे खड्डे मारून ठेवलेत, पाऊस लागला की हापूसची कलमं, १० मीटर अंतरावर. मधे अननस लावू की हळद? दिवाळीनंतर पाणी आठवड्यातून एकदाच मिळेल, आणि माकडं आहेतच.