ओढ्याकाठी तंबू? जरा थांबा

डोंगरात मुक्काम करताना ओढ्याच्या अगदी काठावर तंबू लावावा, असं काहीजण सुचवतात. दिवसा जागा झकास दिसते, पण रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली येते आणि नेमकी तिथेच साचते. पहाटे तंबू आतून ओलाचिंब! (भोगलंय एकदा.) थोडं वर, झाडीत सरकलात तरी फरक कळतो, फक्त डोक्यावर वाळकी फांदी नाही ना, ते बघा. शिवाय दर १००० मीटर उंचीला तापमान साधारण ६.५ अंश सेल्सिअसने उतरतं, तेव्हा पायथ्याचा अंदाज बघून पांघरूण ठरवू नका. आणि मॅट विसरू नका, अंगाखाली दबलेली स्लीपिंग बॅग ऊब धरत नाही.